दंडावरची पट्टी

भागीरथाआत्या अकोल्याहून निघाल्या आहेत, हे नीलमने घरात अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

सकाळपासून तिचं एक लक्ष फाटकाकडे होतं आणि एक आकांक्षाच्या छातीकडे. दहा महिन्यांची पोर न्यूमोनियाचे बारा दिवस दवाखान्यात काढून मंगळवारी घरी आली होती. आता काळजी नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण डॉक्टरांनी जा म्हटल्याने काळजी जाते थोडीच. नीलम तासातासाला घड्याळ बघत तिचे श्वास मोजायची. आत्ताही स्वयंपाकघराच्या दारात बसून तिने मोजले. अडतीस. मग उठून खिरीखालचा गॅस बारीक केला.

खीर आकांक्षा वाचली म्हणून होती. बुद्धवंदना सकाळीच झाली होती. पण फ्रेझरपुऱ्यातल्या त्या घरात रविवारी माणसं जमली होती ती दगडासाठी.

पुढच्या खोलीत संघपाल मोबाइलवर दगडाचा फोटो दाखवत होता. संघपाल म्हणजे तिच्या नवऱ्याचा, सुगतचा, चुलत भाऊ. वडील लवकर गेल्यामुळे याच घरात वाढलेला, आता पंचायत समितीत नोकरीला. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं: वीर सैनिक मोतीराम सोनाजी तायडे, महार रेजिमेंट, दुसरे महायुद्ध. वर एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन बंदुका. बुधवारी, संविधान दिनी, चांदूर बाजारजवळच्या त्यांच्या गावी विहारासमोर तो बसायचा होता.

"सहा गावात सांगून बसलो मोठेबाबा," संघपाल म्हणाला. "माजी सैनिक संघटनेचे लोक येऊन राहिले. आता फक्त विपुलभाऊनं रेजिमेंटबद्दल चार ओळी लिहून देल्या, का वाचायले झालं."

पंजाबराव, नीलमचे सासरे, नुसतं 'हं' म्हणाले. टपाल खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस, बोलणं मुळातच तारेसारखं. त्यांच्या डोक्यावर भिंतीला बुद्ध आणि बाबासाहेबांच्या शेजारी पंजाबरावांच्या वडिलांचा, मोतीराम आबाजींचा, मोठा रंगीत फोटो होता. खाकी गणवेश, डाव्या बाजूने दुमडलेली हॅट, हॅटवर आडव्या बंदुकांचा सोनेरी बिल्ला, छातीवरून तिरपा गेलेला गोळ्यांचा पट्टा. गाल गुलाबी, ओठ लाल. मूळ काळ्यापांढऱ्या फोटोवरून मोठा करून हाताने रंगवलेला. लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा पाहिला तेव्हा नीलमला वाटलं होतं, नाटकातला शिपाई आहे.

विपुल खुर्चीवर चढून तो फोटो खाली काढायला लागला.

"खाली काहून काढतं? वरूनच पाहा ना," पंजाबराव म्हणाले.

"काका, वरून फक्त मानूस दिसते. मले कपडा पाहाचा आहे."

विपुल सुगतचा कॉलेजातला मित्र. शेंदूरजनाघाटला वडिलांची, खुशालरावांची, संत्र्याची बाग. हा मात्र इतिहासाचा मास्तर झाला आणि जुने बिल्ले, बटणं, पट्टे गोळा करायच्या नादी लागला. लोक त्याच्याकडे पणजोबांचे फोटो आणायचे, आणि तो हॅटची कड कुठल्या बाजूला वळवली आहे, खिशाला किती बटणं आहेत, खांद्यावर कुठली पितळी अक्षरं आहेत, ते पाहून पलटण सांगायचा. आज येताना त्याने संत्र्यांची पिशवी आणली होती. ती दाराशी कलंडली आणि दोन संत्री घरंगळत आकांक्षाकडे गेली. तिने एक पकडून तोंडात घालायचा प्रयत्न केला. नीलमने ते काढून घेतलं, पदराने पुसलं आणि तरी तिला दिलं नाही.

विपुलने भिंग काढलं. हॅटवर बराच वेळ धरलं.

"काका, आबाजी फौजेतून सुटले कधी?"

"सेहेचाळीस. उन्हाळ्यात."

"अन् फोटो त्याच्या आधीचा."

"चव्वेचाळीसचा. सुट्टीवर आले होते तवाचा."

विपुलने भिंग खाली ठेवलं. "मंग ह्या बंदुका बसत नाही. रेजिमेंटचा पहिला बिल्ला म्हणजे कोरेगावचा स्तंभ अन् खाली नाव. मशीनगनी त्याच्यावर लढाई संपल्यावर आल्या. चव्वेचाळीसच्या मानसाच्या टोपीवर त्या येतीन कशा?"

"रंगवनाऱ्यानं जरासक इकडचं तिकडं केलं असन," संघपाल म्हणाला.

"असन. पन मंग बाकीचं काय काय केलं, तेही पाहा लागन." विपुलने सुगतकडे पाहिलं. "म्हणून मी परवा इचारलं होतं, न रंगवलेली कॉपी कोठी आहे काय."

सुगतने मान खाली घातली. ती कॉपी कुठे आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि अकरा वर्षांत तिचं नाव कुणी काढलं नव्हतं.

फाटक वाजलं.

*

भागीरथाबाईंच्या हातात मेडिकलच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी होती. त्यांनी चपला काढल्या, "जय भीम" म्हणाल्या, आणि कुणी काही म्हणायच्या आत सरळ आकांक्षापाशी जाऊन खाली बसल्या. तिच्या कपाळाला हाताची उलटी बाजू लावली.

"दूध पेते ना आता?"

"पिते," नीलम म्हणाली.

त्या बारा दिवसांत आत्यांचा रोज संध्याकाळी सहाला फोन यायचा. दूध पेली काय, एवढंच विचारायच्या आणि ठेवायच्या. बाकीचे नातेवाईक रिपोर्ट विचारायचे, डॉक्टर बदला म्हणायचे, कुणाच्या तरी ओळखीच्या पोरीचं काय झालं ते सांगायचे. त्या एका फोनसाठी नीलम सहा वाजायची वाट पाहायची. म्हणून परवा विपुल गेल्यावर तिने स्वतःच अकोल्याला फोन लावला होता.

"तुले कोनं बलावलं?" पंजाबरावांनी बहिणीला विचारलं.

"मी बोलावलं बाबा," नीलम म्हणाली. आवाज वाटला त्याहून मोठा निघाला.

पंजाबरावांनी सुनेकडे पाहिलं, मग बहिणीच्या पिशवीकडे. आई शेवटची चार वर्षं लेकीकडे अकोल्याला होती. ती गेल्यावर तिची पेटी आणि पेटीतला बापाचा मूळ फोटो भागीरथाने ठेवून घेतला होता. बापाचा फोटो लेकाच्या घरी असतो, असं पंजाबराव म्हणाले होते. देत नाही, एवढंच ती म्हणाली होती. कारण सांगितलं नव्हतं. तेव्हापासून लग्न आणि मयत सोडून येणं-जाणं नव्हतं.

"दाखवाच्या साठी आनला," भागीरथाबाई म्हणाल्या. "द्याच्या साठी नाही. पह्यलेच सांगून देते."

पिशवीतून जुनी पेपरची घडी निघाली, घडीतून पोस्टकार्डाएवढा फोटो. कोपरे खाल्लेले, पण चेहरा स्वच्छ. विपुलने तो मोठ्या फोटोशेजारी जमिनीवर ठेवला. सगळे वाकले. आकांक्षाही रांगत आली. सुगतने तिला उचललं.

तोच माणूस, तीच खुर्ची, मागचा तोच फुलदाणीचा पडदा. पण डाव्या दंडावर पांढरी पट्टी होती, आणि पट्टीवर गडद फुली. गोळ्यांचा पट्टा कुठेच नव्हता. तिथे दोन्ही खांद्यांवरून खाली आलेले रुंद कापडी पट्टे होते, टोकांना वळवून केलेल्या मोकळ्या कड्या.

विपुलने भिंग पुन्हा उचललं. मग त्याने त्या कड्यांवर बोट ठेवलं, फोटोला न लावता.

"हे बंदुकीचं नाही. ह्या कड्यांमधात स्ट्रेचरच्या दांड्या जातात. वजन हातावर न येता खांद्यावर यावं म्हणून. अन् ही पट्टी म्हणजे लाल क्रॉस, फोटोत काळा दिसते." त्याने भिंग खांद्यावर नेलं. "अक्षरं पुरी नाही वाचता येत. शेवटचे दोन एम अन् सी आहे, हे नक्की. वैद्यकीय दल. लढाईतून जखमी लोक वाहून आननारे. आबाजी महार रेजिमेंटमधी नव्हते, संघपाल."

*

संघपालला आधी दगड दिसला. मग गावच्या ग्रुपवर टाकलेली पत्रिका दिसली, आणि मग तो माणूस दिसला जो बुधवारी मागच्या रांगेत बसून कुजबुजणार होता. त्याला वडील आठवत नव्हते. शाळेत 'माझे वडील' असा निबंध आला की तो आबाजींवर लिहायचा, या भिंतीवरच्या फोटोवर. हॅट, बिल्ला, गोळ्यांचा पट्टा. दरवेळी मास्तर वाचून दाखवायचे.

"आत्या," तो म्हणाला, "हा फोटो आबाजीचाच हाय कशावरून?"

"काय म्हंतं?"

"दुसऱ्या कोनाचा असन. स्टुडिओत एकाच पडद्यापुढं शंभर लोक बसत होते. मोठेबाबा, तुमी सांगा. तुमी पाह्यला ना हा फोटो लहानपनी?"

सगळ्यांनी पंजाबरावांकडे पाहिलं.

पंजाबराव छोट्या फोटोकडे पाहत होते. "असू शकते दुसऱ्या कोनाचा," ते म्हणाले. "लय वर्सं झाली."

"दादा," भागीरथाबाई म्हणाल्या.

"मले आठवत नाही म्हटलं ना."

"झालं मंग," संघपाल म्हणाला. त्याचा आवाज चढला होता आणि त्याला तो खाली आणता येत नव्हता. "अकरा वर्सं फोटो दाबून ठेवला अन् बरोबर कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी आनला. आमचा दगड पाहवला नाही कोनाले, असंच म्हना लागन."

"संघ्या, तोंड सांभाळ," सुगत म्हणाला.

"तू काहून बोलतं? तुह्याच घरून फोन गेला अकोल्याले."

नीलमला वाटलं हे आपल्याला लागायला हवं होतं. पण तिचं लक्ष तिथे नव्हतं. ती मोठ्या फोटोजवळ वाकून बसली होती. बारा दिवस मॉनिटरवरची हिरवी रेघ पाहून तिच्या डोळ्यांना एक सवय लागली होती, बारीकशा फरकापाशी थांबायची. खाकी रंग सगळीकडे पातळ होता, आतलं कापड दिसेल असा. डाव्या दंडावर मात्र तो जाड होता. दोन बोटांच्या रुंदीचा, आडवा, आणि त्यात ब्रशचा एक केस अडकून वाळलेला.

तिने मान वर केली. पंजाबराव तिच्याकडेच पाहत होते. ते उठले, खुर्चीला हात धरत, आणि मागच्या अंगणात निघून गेले.

*

अंगणात नळाजवळ दगडी पाट होता. पंजाबराव त्यावर बसले. आतून संघपालचा आवाज येत होता, मग भागीरथाचा, मग विपुल मध्ये पडल्याचा.

त्या चित्रकाराचं दुकान त्यांना अजून दिसत होतं. शहात्तर साल. बाप, मुलं ज्याला बुवा म्हणत, जाऊन तीन वर्षं झालेली, पोस्टातली नोकरी कायम झालेली. दुकानात मेलेल्या माणसांचे रंगीत चेहरे रांगेने टांगलेले. चित्रकाराने विचारलं होतं, दंडावरचं हे काय आहे, लाल करू का? आणि अठ्ठावीस वर्षांचे पंजाबराव म्हणाले होते, ते काढून टाका. पट्टे बंदुकवाल्याचे करा. बिल्ला कोणता काढू, असं त्याने विचारल्यावर महार रेजिमेंटच्या भरतीच्या जाहिरातीचा कागद खिशातून काढून दिला होता. घरूनच नेला होता.

मागे पावलं वाजली. नीलम आकांक्षाला कडेवर घेऊन आली होती.

"बाबा, इथे गार आहे. आत चला."

"तू पाह्यलं ना," ते म्हणाले.

ती आकांक्षाचं टोपडं कानांवर ओढत राहिली.

"मी बारा वर्साचा होतो," पंजाबराव म्हणाले. "आमच्या लोकायनं मेलेलं ढोर ओढनं सोडून चार वर्सं झाली होती. गावात लोकायच्या मनात राग होताच. बाजाराच्या दिवशी एक जन पारावरून बोलला, सगळ्यायच्या पुढं. म्हने, मोत्या पलटनीत गेला अन् तिथंबी मढेच वाहून आला. लोक हासले. बुवा बी हासले, अन् मले घेऊन पुढं चालले. मले काही हासता आलं नाही. मंग जवा माह्या हातात आलं, तवा मी ती पट्टीच पुसली."

"आणि आता आत्या खोट्या पडताहेत."

"हाव."

"संघपालभाऊजी तुमचंच ऐकतील. तुम्ही गप्प राहिलात तर दगड बसेल."

"बसन."

नीलम पाटाच्या दुसऱ्या टोकाला बसली. सासऱ्यांच्या बरोबरीने ती या घरात कधी बसली नव्हती. हे बसल्यावर तिच्या लक्षात आलं, पण उठली नाही.

"बाबा, आपण हिला दवाखान्यात नेलं त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी आठवतं? चौथ्या मजल्यावरून खाली स्कॅनला न्यायचं होतं आणि लाइट गेली, लिफ्ट बंद. डॉक्टर म्हणाले, थांबू. सिस्टर म्हणाली, थांबून चालणार नाही. तो वॉर्डातला माणूस आला. त्याने हिला उचललं, सिलिंडर मला धरायला सांगितलं आणि चार जिने उतरला. प्रत्येक पायरीला हिच्याशी बोलत होता. बस झालं व माय, आलो व माय. मी त्याचा चेहरा पाहिलाच नाही. मी फक्त त्याचे हात पाहत होते, सुटतात का म्हणून."

"मी खालीच होतो," पंजाबराव म्हणाले.

"तुम्ही डॉक्टरांच्या पाया पडायला निघाला होतात."

"हाव."

"त्याचं नाव ना तुम्हाला माहीत, ना मला. सुट्टी झाली तेव्हा सगळ्यांना पेढे दिले. त्याची ड्यूटी बदलली होती. मी म्हटलं, नंतर येऊन देऊ." तिने आकांक्षाला मांडीवर नीट घेतलं. "मी आत्ता तो छोटा फोटो पाहिला ना, बाबा, ते खांद्यावरचे पट्टे, तेव्हा मला वाटलं की आबाजींनी असं कितीजणांच्या लेकरांना खाली उतरवलं असेल. आणि त्यांच्या आयांना माहीतही नसेल. असा माणूस माझ्या घरात होता याचं मला इतकं बरं वाटलं, की आत भांडण कशाचं चाललंय तेच मला कळेना."

आकांक्षाने हात पुढे करून पंजाबरावांचा चष्मा ओढला. त्यांनी तो तिला दिला. एरवी ती चष्मा सरळ तोंडात घालायची, आणि नीलम लगेच काढून घ्यायची. आज तिने काढून घेतला नाही.

*

भागीरथाबाई पेपरच्या घडीत फोटो परत ठेवत होत्या तेव्हा दादा आत आला. चष्मा नव्हता, त्यामुळे त्याचे डोळे लहान आणि उघडे दिसत होते. लहानपणी ताप आला की असेच दिसायचे.

"संघपाल," तो म्हणाला, "आत्याची माफी माग. नाही, थांब. आधी मी मागतो."

आणि उभ्याउभ्याच त्याने सगळं सांगितलं. चित्रकार, पट्टी, जाहिरातीचा कागद, पारावरचा माणूस. एकाही शब्दाला फाटा न देता, जशी तार वाचून दाखवावी तशी. संघपाल भिंतीकडे पाहत राहिला. तिथे फोटोच्या जागी फिकट चौकोन होता.

भागीरथाबाईंना हे नवं नव्हतं. आई पेटी घेऊन अकोल्याला आली तेव्हापासून, पंधरा वर्षं, त्यांना हे माहीत होतं. फक्त दादाच्या तोंडून ते कधी ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

"दादा, खाली बस," त्या म्हणाल्या. "तुले काय वाटते, मी फोटो काहून देला नाही?"

"मी म्हटलं, तुले राग असन. माय तुह्याजवळ राह्यली, मी आनली नाही म्हणून."

"मायनंच सांगतलं होतं मले. शेवटच्या वर्सी. म्हने, पंजाबले हा फोटो देऊ नको, तो हाबी रंगवून टाकीन." त्यांनी घडी पुन्हा उघडली. "अन् दुसरं सांगतलं, त्याले हे सांगू नको, तो रडीन. मंग मी काय करू? दोन्ही पाळलं. तू मले लालची म्हन का काही म्हन."

खीर करपल्याचा वास आला आणि सुगत आत पळाला. विपुलने एक संत्रं सोलायला घेतलं होतं, ते तसंच हातात राहिलं.

"मायले माहीत होतं?" पंजाबरावांनी विचारलं.

"माय रोज त्या फोटोपुढं मेनबत्ती लावत होती. तिले तिच्या नवऱ्याचा दंड माहीत नसन काय?" भागीरथाबाईंनी फोटो त्याच्यापुढे सरकवला. "तुनं बुवाले कधी इचारलं? त्या पारावरच्याचं?"

"नाही."

"मी इचारलं होतं. मी लहान होती, मले शरम नव्हती. म्हटलं, बुवा, तुमी मढे उचलत होते काय? तं म्हने, नाही व बाई. मढं न्यायचं असलं का तोंड झाकून नेतात. आमी तोंड उघडं ठेवून नेत होतो. डोंगर होता, चिखल होता, पुढं दोघं, मागं दोघं. दर थोड्या येळानं थांबून पानी पाजाचं अन् त्याच्याशी बोलाचं, म्हंजे तो झोपला नाही पाह्यजे. त्याची भाषा कोनती, आपली कोनती. तरी बोलाचं. म्हने, मढे नाही व, आमी जिते उचलले. मंग म्हने, पारावरच्याले हे समजलं असतं तं तो हासला नसता, अन् त्याले समजत नाही म्हणून मी हासलो."

पंजाबरावांनी फोटो उचलला. चष्म्याशिवाय त्यांना तो नाकाजवळ धरावा लागला. किती तरी वेळ ते तसेच पाहत राहिले, आणि भागीरथाबाईंना दिसलं की दादा चेहऱ्याकडे पाहत नव्हता. दंडाकडे पाहत होता.

"भागी," ते म्हणाले, "तुनं हे सांभाळलं, बरं केलं व. माह्याजवळ असता तं राह्यला नसता."

अकरा वर्षांत त्यांनी तिला भागी म्हटलं नव्हतं. ती पदराचं टोक उगाच मांडीवर सरळ करत बसली.

*

"अन् मी काय सांगू लोकायले?" संघपाल म्हणाला. आवाज आता खाली आला होता. "निबंध लिहीत होतो मी. ते बंदुकवाले आबाजी माहे होते, मोठेबाबा."

"मले माहीत हाय. मीच देले होते तुले." पंजाबरावांनी त्याला हाताने जवळ बसवलं. "तू लोकायले काही सांगू नको. बुधवारी मी बोलतो. पारावरच्याचं बी सांगतो, रंगाचं बी सांगतो. हासू दे ज्याले हासाचं."

"हासनार नाही कोनी," विपुल म्हणाला आणि अखेर ते संत्रं सोलून फोडी पुढे केल्या. "काका, माह्याजवळ महिन्याला दहा फोटो येतात. सगळ्यायले आपला मानूस बंदूक धरलेला पाह्यजे. अशी पट्टी मी आज पह्यल्यांदा पाह्यली. ओळी लिहून देतो, पन जेवढं दिसते तेवढंच लिहीन. वैद्यकीय दल, स्ट्रेचर उचलनारे. कोनती तुकडी, कोनती लढाई, ते कागद सापडल्याशिवाय नाही."

"तेवढंच लिही."

"अन् दगड?" सुगतने स्वयंपाकघरातून विचारलं. त्याच्या हातात खिरीचं पातेलं होतं, तळाला थोडी लागलेली.

संघपालने मोबाइल काढला. दगडवाल्याचा नंबर लागायला वेळ लागला. त्याने अडखळत सांगितलं की मजकूर बदलायचा आहे, आणि पलीकडून बराच वेळ ओरडणं ऐकून घेतलं. मग फोन कानापासून दूर धरून म्हणाला, "तो म्हंते, दगड मागच्या बाजूनं कोरा हाय. तिकून पॉलिश करून बुधवारी सकाळपर्यंत होऊन जाईन. पन आत्ताच्या आत्ता सांगा म्हंते, अन् शब्द कमी."

"आन इकडं," पंजाबराव म्हणाले.

फोनचा आवाज मोठा करून ते सांगू लागले. नीलम दारात उभी राहून ऐकत होती; आकांक्षा तिच्या खांद्यावर झोपली होती, आणि श्वास मोजायचे राहून गेले होते हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"लिहा. मोतीराम सोनाजी तायडे. लिहिलं? खाली. वैद्यकीय दल, दुसरं महायुद्ध. त्याच्या खाली." ते थांबले. भागीरथाबाईंकडे पाहिलं. तिने मानेने हो म्हटलं. "जखमी मानसं खांद्यावर वाहून आनली. बस."

"अन् बंदुका कोरायच्या का साहेब इकडूनही?" पलीकडून आवाज आला.

"नाही. बंदुका नको. स्ट्रेचर काढता येते? पुढं दोन मानसं, मागं दोन."

"येते ना. काढतो. अन् मधात मुर्दा दाखवायचा ना, चादर घातलेला? तसं चित्र आहे माह्याजवळ."

पंजाबरावांनी फोन तोंडाच्या जवळ नेला. कमी ऐकू येणाऱ्याला सांगावं तसं, एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले,

"चादर घालू नका. तोंड उघडं ठेवा त्याचं. जिता हाय तो."